आबांचं वय किती लिहावं?

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही मूळचे आटपाडी तालुक्यातले. मी गेली २२ वर्षं तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात आहे, धाकटा भाऊ गावी डाळिंबाची बाग बघतो. आमचे आबा, म्हणजे आजोबा, गेल्या आषाढात गेले. येत्या आषाढात त्यांचं प्रथम पुण्यस्मरण. कीर्तन आणि जेवणं होतीलच, पण आबांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका छापून आलेल्या प्रत्येकाच्या हातात द्यायची असं घरात ठरलंय. घरात त्यातल्या त्यात लिहिता येणारा म्हणून काम माझ्यावर आलं. तीनदा बसलो. 'कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय, माळकरी' एवढं लिहून झालं की पेन पुढं सरकत नाही. जन्मतारखेचाही घोळ आहे. आधार कार्डावर १ जून १९२७, तर दहाव्याच्या फ्लेक्सवर चुलत्यांनी 'वय १०२' छापलेलं. फोटो दोनच, त्यातला एक मतदान कार्डाचा. आबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बांधावरून कोर्टात गेलं होतं. ते लिहू नको असं मोठे चुलते म्हणतात. आजी आहे, पण ती फारसं बोलत नाही. मी फोन केला की आबा तब्येत, धंदा काही न विचारता आधी 'तिकडं पाऊस काय म्हणतोय?' म्हणायचे. असा माणूस कागदावर कसा आणायचा?
— एक नातू, सध्या मुक्काम तमिळनाडू

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटाशी येऊन थांबले. तुम्ही जाता जाता जे लिहिलंत ते पुस्तिकेचं पहिलं वाक्य आहे. 'तिकडं पाऊस काय म्हणतोय?' हे वाक्य आधी कागदावर उतरवा आणि ती चार विशेषणं खोडून टाका. कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय हे आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतं. पाऊस विचारणारे आबा फक्त तुमचे. मग जरा आठवून बघा, तुमच्याकडं मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराला पडतो, तेव्हा माणदेशात शाळू उगवून वर आलेला असतो आणि आभाळ कोरडं. नातू राहतो त्या मुलखात पाऊस वेगळ्या महिन्यात येतो हे आबांना कधी कळलं? त्यावर ते काय म्हणाले? फोनवरचं एकेक बोलणं आठवेल तसं लिहून ठेवा.

मीही त्याच तालुक्यातली. ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. माझे आजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, २०१४ च्या पौषात गेले. त्यांच्यावर मी चोवीस पानं लिहिली, तेव्हा जिथं जिथं अडखळले ते सगळं तुमच्या पत्रात दिसतंय.

आधी वयाचं बघू. १ जून ही आबांची जन्मतारीख नाही, ती गुरुजींची तारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा, कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरून गुरुजी मागं मोजून १ जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रातली निम्मी म्हातारी माणसं १ जूनला जन्मलेली दिसतात ती त्यामुळं. तुम्ही आता एवढं करा. आबा ज्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा भावाला काढायला सांगा. मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी बघायला लावा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. तिथं आबांचं नाव सापडणार नाही. बारसं व्हायच्या आधीची नोंद असते, म्हणून नुसतं बापाचं नाव, पुढं 'मुलगा' आणि तारीख. त्यासाठी मागच्या-पुढच्या भावंडांच्या नोंदीही शोधाव्या लागतात, म्हणजे मधला मुलगा कोण ते जुळवता येतं. नोंदी कधी मोडीत असतात, मोडी वाचणारं माणूस बरोबर न्या.

आमच्या घरात दादा ९७ वर्षांचे होऊन गेले असं सगळे सांगायचे. शाळेच्या रजिस्टरनं ९० सांगितलं. कोतवाल बुकात पणजोबांच्या नावापुढं 'मुलगा', १९२५ चा श्रावण, आणि चार वर्षांनी 'मुलगी', ती दादांची पाठची बहीण. म्हणजे दादा ८८ वर्षांचे होऊन गेले. चुलते माझ्यावर रागावले. "दादाची नऊ वर्षं खाल्लीस," असं म्हणाले. त्यांचं दुःख मला समजत होतं, तरी मी ८८ च छापलं. कारण ते धरल्यावर दादा मला नीट दिसायला लागले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारे दादा माझ्या मनात कायम म्हातारे होते. ते तेव्हा ४७ वर्षांचे होते. माझा मुलगा आज आहे त्याहून थोडेसेच मोठे. तुम्हाला नोंद सापडली नाही तर सरळ लिहा : आधार कार्डावर १ जून १९२७, घरच्यांच्या सांगण्याप्रमाणं त्याच्याही आधी. १०२ मात्र लिहू नका. आबांना त्या वाढीव वर्षांची गरज नाही.

सुगी झाल्यावर तुमच्याकडं हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, येत असेल तर त्याला घरी बसवून घ्या, चहापाणी करा, वंशावळ वाचायला सांगा. आबांच्या वर पाच-सहा पिढ्या निघतील.

दादांच्या काळाचा हिशेब लावताना मला एक गोष्ट फार उशिरा सुचली, तुम्हाला लवकर सांगते. आबांनी गाव सोडलं नसेल, पण त्यांचा पत्ता किती वेळा बदलला ते मांडून बघा. आटपाडी औंध संस्थानात होती. म्हणजे तुमचे आणि माझे आजोबा जन्मले ते औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव सांगली झालं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे एवढे भोक्ते की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. आमचे दादा पहाटे गोठ्यापुढच्या फरशीवर नमस्कार घालायचे, पडून खुब्याचं हाड मोडलं त्या वर्षापर्यंत. लहानपणी मला वाटायचं हे देवाचं काहीतरी आहे. ती शाळेची सवय होती, चौथीपर्यंतच्या शाळेची, आणि ती त्यांना ऐंशी वर्षं पुरली. तुमचे आबा माळकरी, ते नमस्कार घालायचे का? घालत असले तर कुठून शिकले हे आता तुम्हाला लिहिता येईल. आणि १९३९ च्या सुमाराला आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची मोकळी वसाहत झाली, भिंत नाही, बेड्या नाहीत. दादा तेव्हा १४ वर्षांचे. तिथली माणसं बाजारात येताना त्यांनी पाहिली होती आणि "खुनी माणूस भाजी निवडून घेतो" याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटायचं. गावातल्या आबांच्या वयाच्या एखाद्या माणसाला स्वतंत्रपुराचं विचारा, तो बोलायला लागेल.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. साल विचारलं की ती गप्प होतात, त्यांना आपण नापास झाल्यासारखं वाटतं. 'जाळपोळीच्या आधी का नंतर?' विचारा, म्हणजे गांधीजींच्या खुनानंतर झाली ती, १९४८. 'आणे होते का नवे पैसे आले होते?' विचारा, १९५७ कळेल. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या पहाटे पोटाशी कोणतं लेकरू होतं हे आयांना पक्कं आठवतं. बहात्तर तर सांगायलाच नको. तुमच्या घरात कुणी गिरणीत असेल तर बंद पडलेल्या गिरण्या, १९८२. आणि तुमच्या धंद्यापुरतं आणखी एक : घरातला पहिला माणूस गलाईला बाहेर कधी पडला, कोणत्या दुष्काळानंतर, आणि त्याला एसटीला बसवायला आबा गेले होते का?

आता दाराबद्दल सांगते, कारण तेच मला सगळ्यात जवळचं आहे. आमच्या जुन्या घरात कणग्यांची खोली होती. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला, दार लावल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, दादा कोळशानं पाऊस लिहायचे. डावीकडं शके. पुढं नक्षत्रांची पहिली अक्षरं : मृ, आ, मग तरण्या पावसाचा, म्हणजे पुनर्वसूचा त, म्हाताऱ्याचा, म्हणजे पुष्याचा म्हा, असं करत उ, ह, चि, स्वा. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी रानात जायचे, खुरप्यानं खणायचे आणि ओल बोटांनी मोजायचे. घरी येऊन त्या अक्षराखाली जितकी बोटं ओल तितक्या उभ्या रेघा. वीतभर ओल झाली की एक आडवी रेघ, बस्स. मी शाळेत जायला लागल्यावर अक्षरं वाचायला शिकले ती आधी या दारावर. आमच्याकडं सारा जीव हत्तीच्या, म्हणजे हस्ताच्या पावसावर. हस्ताखाली आडवी रेघ दिसली की त्या वर्षी शाळू पिकला, आत्तीचं लग्न झालं, विहिरीला घेर पडला. शके १८९४ पुढं, म्हणजे १९७२ ला, मृगाखाली दोन रेघा होत्या आणि पुढं काहीच नव्हतं. ह लिहिलेला होता. त्याच्याखाली कोरं लाकूड.

त्या वर्षी मी तिसरीत होते. शाळेत सुकडी मिळायची. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी असायची, ती थापतानाच फुटायची. दादा, आजी, माझे आई-वडील चौघंही खडीवर. मुकादम ढीग मोजून त्यावर चुना टाकायचा, म्हणजे तोच ढीग परत मोजात यायला नको. दादांच्या धोतराच्या सोग्याला कायम तो चुना असायचा. रोजगार हमी योजना पुढं कायद्यात आली, तिचे जनक वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, विसापूरचे. दादांना त्यांच्याबद्दल केवढा आदर! "हाताला काम द्येवून मान ठिवला त्यानं," म्हणायचे. फुकटची सुकडी खाताना त्यांची मान खाली असायची, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

ते दार १९९८ ला चुलतबहिणीच्या लग्नात निळ्या ऑइलपेंटनं रंगवलं गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पाहुणे येणार म्हणून घर स्वच्छ दिसावं एवढंच. दादा काहीही बोलले नाहीत. कडीच्या लोखंडी पट्टीखाली दोन ओळी तेवढ्या राहिल्या, त्यांचा फोटो मी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर टाकला, दादांचा फोटो दुसऱ्या पानावर. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, फोटो दोनच आहेत म्हणून रडू नका. भावाला सांगा, जुन्या घराचं एकही लाकूड हलवायच्या आधी प्रत्येक दाराच्या मागं बघ, तुळईवर बघ, हडप्यात तळाला बघ. सोसायटीच्या कर्जाचं पासबुक, साऱ्याच्या पावत्या, पंढरीच्या दिंडीची चिठ्ठी, काय असेल ते. मतदान कार्डावरच्या चेहऱ्यापेक्षा आबा तिथं जास्त सापडतील.

हातांबद्दलही लिहा. दादांच्या उजव्या तळव्यात अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत एक गुळगुळीत पट्टा होता, तिथं रेषाच नव्हत्या. तरुणपणी मोट हाकताना नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, सटकला आणि भरली मोट विहिरीत निघाली. बैल धावेवर, म्हणजे त्यांच्या येण्याजाण्याच्या उतारावर, मागं ओढले जात होते. त्यांनी नाडा हातानं धरला. बैल वाचले, तळव्याचं कातडं गेलं. पुढं विहिरीवर किर्लोस्करांचं इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्यात गवत उगवलं, पण दादांनी कुणाच्या डोक्यावर हात ठेवला की तो पट्टा कळायचा. तुमच्या आबांचा हात तुम्हाला कसा लागायचा?

बैलांचं एक प्रकरण नक्की करा. खिल्लार जनावर हे आपल्या मुलखातल्या माणसाच्या आयुष्यात भावाच्या जागी असतं. आबांच्या किती जोड्या झाल्या, पहिली खरसुंडीच्या यात्रेत घेतली का, शेवटची कुणाला दिली. जनावर विकताना दावं घरी ठेवायची आमच्याकडं रीत आहे. दादा गेल्यावर माळ्यावर अकरा दावी निघाली, एकात एक गुंतवून ठेवलेली. अकरा बैल. शेवटच्या दोन दाव्यांना घुंगरं तशीच होती. ती जोडी विकली त्या संध्याकाळी दादा जेवले नाहीत, रिकाम्या गव्हाणीत कडब्याची पेंढी सोडून आले, हे मला घरातल्या कुणी नाही, शेजारच्या वस्तीवरच्या माणसानं सांगितलं. घरच्यांना ते दिसलं नव्हतं. म्हणून आबांबद्दल घराबाहेरच्यांना जरूर विचारा : ज्यांच्याशी वारंगुळा, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात काम करायचा व्यवहार होता त्यांना, लोहाराला, बकऱ्या चारणाऱ्याला, पाणी परिषदेला नागनाथअण्णा नायकवडींचं भाषण ऐकायला आटपाडीला बरोबर जाणाऱ्यांना. 'आबा कसे होते' असं विचारलं तर 'देवमाणूस' म्हणून मोकळे होतील. 'आबा कशानं चिडायचे?' असं विचारा.

बांधाच्या भांडणाचं तुम्ही विचारलंत. लिहा, चार ओळींत. किती वर्षं चाललं, शेवट काय झाला, भाऊ-भाऊ परत बोलले का. कुणाचं चुकलं ते लिहू नका. आणि छापायच्या आधी तो मजकूर धाकट्या आजोबांच्या मुलांना वाचून दाखवा. ते आषाढात जेवायला येणार आहेत.

यापेक्षा मला एका वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटली. तुमच्या अख्ख्या पत्रात चुलते आहेत, भाऊ आहे, पण आत्तींचा उल्लेख नाही. आबांना मुली नाहीत असं मला वाटत नाही. आमच्या पुस्तिकेच्या पहिल्या कच्च्या मजकुरातही 'पश्चात तीन मुले, सुना, नातवंडे' असंच होतं, आणि ते मी स्वतः लिहिलं होतं, एका बाईनं. दादांना दोन मुली. मोठी आत्ती चौथीत पहिली आली होती. दादांनी तिची शाळा सोडवली, कारण आई रानात आणि पाळण्यात धाकटा. दादा गेल्यावर दोघी आत्तींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कायद्यानं २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका वाटा आहे, महाराष्ट्रात तर ती दुरुस्ती १९९४ लाच झाली. सह्या करून दोघींना एकेक साडी मिळाली. मी मोठ्या आत्तीकडं दादांच्या आठवणी विचारायला गेले, तेव्हा ती तासभर त्यांच्या कौतुकाचं बोलली. मग उठून आत गेली, परत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मला पाचवीत बसवायला पायजे हुतं दादानं." मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं. घरात वाद झाला, मी हटले नाही. दादांवर माझा जेवढा जीव होता तेवढा कुणावर नाही, आणि म्हणूनच ते त्यात असायला हवं होतं. पुस्तिका हातात आल्यावर आत्तीनं नातीकडून ते पान दोनदा वाचून घेतलं.

तेव्हा आबांच्या मुलींची नावं माहेरच्या नावासकट लिहा, मुलांच्या बरोबरीनं, जन्माच्या क्रमानं. ज्या लहानपणी गेल्या असतील त्यांचीही. कोतवाल बुकात त्यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी सापडतील.

आषाढाला अजून वेळ आहे. छापखान्याला शेवटचे तीन आठवडे ठेवा, तारखा तपासायला एखादा महिना. बाकीचा वेळ आजींना द्या. त्या फारसं बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, पण पाऊण शतकाच्या संसाराबद्दल त्यांना बसून कुणी कधी विचारलं असेल का? पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा चार दिवस जास्तीचे काढा. पुस्तिकेचं नाव काढू नका, मोबाइल समोर धरू नका. त्या शेंगा फोडत असतील तर सूप पुढ्यात घेऊन तुम्हीही फोडायला लागा, आणि जुनी दावी कुठं ठेवलीत एवढंच विचारा.